धुक्यासाठी अर्ज

ताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलमधली दुपार होती. जळगावहून एसटीनं निघाले, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि खिडकीतून येणाऱ्या झळांनी डोळे जड होऊन अर्धवट झोपेतच मी धुळ्याला उतरले. मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात गुंडाळी केलेली काही कापडं, आणि आजवर नाकारल्या गेलेल्या अर्जांच्या प्रती. देवपूर भागातलं ते बैठं घर शोधायला फारसा वेळ लागला नाही. दाराला वाळ्याचा ओला पडदा सोडलेला होता. तो बाजूला सारून आत पाऊल टाकलं आणि काहीच दिसेना. कडक उन्हातून घरात शिरलं की डोळ्यांपुढे होतो तसा काळोख. वाळ्याचा वास, कूलरची घरघर, आणि त्या काळोखातून एक म्हातारा, हरखलेला आवाज आला.

"वं अक्का! कव्हय उनी तू?"

माझं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं. अहिराणी माझ्या तोंडात लहानपणापासूनची, पण लग्नानंतर जळगावात ती तशी बोलली जात नाही. केव्हा आलीस, असं विचारणाऱ्या त्या आवाजानं मला काय झालं कोण जाणे, मी विचार न करताच उत्तर दिलं.

"आत्तेच उनू, भाऊ."

"गावकडे बठ्ठा बरा शे ना?"

"बठ्ठा बरा शे."

गावाकडचं सगळं बरं असल्याचं सांगेपर्यंत हळूहळू डोळे सरावले. खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी वाढलेली, अंगात पातळ सदरा, चेहऱ्यावर घरचं माणूस आल्याचा आनंद. तेवढ्यात आतून हात पुसत ताई आल्या. साठीच्या आसपासच्या, उंच, ताठ.

"माझे वडील, आबा. त्यांना वाटतंय, त्यांची मोठी बहीण आलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर मी सांगते त्यांना."

"नको, राहू द्या," मी म्हटलं. "मला काही अडचण नाही."

त्या दिवसापासून त्या घरात मी दोन माणसं होते. एक अर्ज घेऊन आलेली चित्रकार, आणि एक आबांची अक्का.

ताईंनी नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत काढली होती. कलावंतांना अनुदानं देणाऱ्या एका संस्थेत आलेले अर्ज वाचायचे, निवड करणाऱ्यांबरोबर बसायचं, कुणाला का घेतलं आणि कुणाला का नाही याची टिपणं काढायची, हे त्यांचं काम. मग आबा विसरायला लागले. गॅस चालू ठेवून देवळात जाऊन बसायला लागले. तेव्हा त्या सगळं सोडून धुळ्याला आल्या. आता आबांच्या पलंगाशेजारी टेबल मांडून त्या आमच्यासारख्यांना अर्जांसाठी मदत करत. मला त्यांचा नंबर दोंडाईच्याच्या एका मैत्रिणीनं दिला होता. तीही कलावंत, मातीकाम करते. फोनवर ताईंनी आधी फी सांगितली, मग म्हणाल्या, "मी अर्ज लिहून देत नाही. मी प्रश्न विचारते. ते चालणार असेल तर या."

मला ते जरा तुसडं वाटलं होतं. तरी गेले.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवते. नवरा चटया विणणाऱ्या कारखान्यात पाळी सांभाळतो. आमच्या घराला गच्ची आहे, आणि माझं सगळं काम त्या गच्चीचं आहे. सुरुवात ठरवून झाली नाही. एका उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला मी अस्तराचं जांभळं कापड गच्चीवर अंथरलं होतं. बिबड्या झाल्या, डब्यात गेल्या, कापड मात्र तसंच राहिलं. त्यावर कुणीतरी जुनी सुतळीची खाट पालथी टाकून ठेवली. आम्ही माहेरी गेलो, राहिलो, परत आलो. जूनच्या तोंडाशी खाट उचलली तर खाली खाट होतीच. बाकीचं कापड उन्हानं विटून राखाडी-गुलाबी झालेलं आणि मधोमध गडद जांभळी खाट. जिथं लाकूड कापडाला टेकलं होतं तिथल्या कडा चाकूनं कापल्यासारख्या. आणि सुतळी कापडापासून जराशी वर राहिली होती, तिथं सूर्य दिवसभर सरकत गेल्यामुळे वीण धुरकट, वाहून गेल्यासारखी. खाट नव्हे, खाटेला पडलेलं स्वप्न.

तेव्हापासून मी दर उन्हाळ्यात कापडं अंथरते. जांभळं, राणी, मोरपंखी. स्वस्त अस्तराचा रंग लवकर उडतो, तोच मला हवा असतो. त्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ठेवते, निंबाच्या फांद्या, दगड, फुटकी कौलं, केळीच्या पानाचे वाळलेले दांडे. मग सूर्याला त्याचं काम करू देते. वावटळ आली तर धावत वर जाऊन दगड नीट करते. एवढंच माझं कसब.

हे सगळं इतक्या साध्या शब्दांत मी तोवर कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं.

ताईंनी माझा जुना अर्ज चष्मा वर करून वाचला. "'काळ आणि अस्तित्वाच्या सीमारेषेवरील संवाद,'" त्यांनी मोठ्यानं म्हटलं. "हे काय आहे?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"वाचणारी बाई सकाळपासून अर्ज वाचतेय. तिचा चहा गार झालाय. तिच्यापुढे तुमचा कागद येतो. तिला डोळ्यांपुढे काहीतरी दिसायला हवं. मला दाखवा ते."

मी पिशवीतून कापड काढून जमिनीवर पसरलं. नांगराच्या जुन्या फाळाचं होतं ते. ताई खुर्चीतून वाकून बघत राहिल्या. आबाही बघत होते.

"बठ्ठा रंग उडी गया," आबा म्हणाले. मग मला रागावल्यासारखं करून, "कपडा उन्हमा कसाले टाकस तू?"

"चित्र व्हस, भाऊ," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं असावं. मान हलवून ते उशीवर कलले.

ताई मात्र आबांच्या शब्दावर थांबल्या होत्या. "आपण म्हणतो, रंग उडाला," त्या म्हणाल्या. "तो उडून जातो कुठं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. परतीच्या एसटीत पारोळ्याच्या पुढे नांगरून पडलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, त्यांच्यावर उन्हाची लहर थरथरत होती, आणि मी वेड्यासारखी त्या थरथरीत कुठं जांभळं दिसतंय का ते शोधत होते.

पुढच्या खेपेपासून ताईंनी मला मराठीत लिहायला लावलं. अर्ज इंग्रजीतच द्यायचा होता, पण त्या म्हणायच्या, आधी जिथं विचार करता तिथं लिहा, मग आपण दोघी मिळून पलीकडे नेऊ. मी लिहायचे, त्या खोडायच्या. खोडताना त्यांचा हात हलका असे, भाजी निवडल्यासारखा. "हे तुम्ही ऐकलेलं आहे, हे तुमचं नाही." "हे कुणीही लिहील." "हे ठेवा. वावटळ ठेवा." त्यांनी मला शिकवलं की नमुन्याच्या चित्रांत सगळ्यात बोलकं चित्र पहिलं लावायचं, राखून ठेवायचं नाही. प्रत्येक चित्राखाली ते केवढं आहे, कशाचं आहे, किती ऊन खाल्लेलं आहे हे लिहायचं. शिफारस मोठ्या नावाची नको, ज्यानं आपलं काम समोर उभं राहून पाहिलंय त्याची घ्यायची. आणि ज्या जागेला आपली गरज नाही तिथं अर्जच करायचा नाही.

त्या दुपारी सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्यात आता. वाळ्यावर पाणी मारल्याचा आवाज, आबांचं घोरणं, टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला अडकित्ता. मध्येच आबा जागे होऊन विचारत, "कपाशी कशी शे?" आणि मी अर्ध्या वाक्यातून मान वर करून सांगे, "बरी शे, भाऊ." एकदा तर मला खरंच वाटलं की मी कुठल्याशा गावाहून बैलगाडीनं आलेली त्यांची बहीण आहे, आणि ही समोर कागद खोडत बसलेली माझी भाची. क्षणभरच. कूलर बंद पडला तशी मी भानावर आले.

एवढं करून पाठवलेला पहिला अर्ज नापास झाला. एका अनुदानासाठीचा होता तो. मी फोनवर रडवेली झाले. ताईंनी नकाराचा मजकूर वाचून दाखवायला लावला. त्यात एक ओळ होती, की काम समितीला आवडलं पण छायाचित्रांवरून त्याचा आकार आणि पोत कळत नाही.

"हा चांगला नकार आहे," ताई म्हणाल्या.

"नकार चांगला कसा असेल?"

"त्यात काहीतरी सांगितलंय. मी तुमच्याकडे येते. मलाही फोटोच दिसलेत आणि जमिनीवर पसरलेले तुकडे. गच्ची कुठं पाहिलीय मी?"

त्या आठवड्यात त्यांची चुलत बहीण आबांपाशी राहायला आली होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर ताई आमच्या गच्चीवर आल्या. फरशी अजून तापलेली होती. त्या चपला काढून कापडाशी गेल्या आणि चटका बसून लगेच मागे आल्या, मग पुन्हा गेल्या. ती पहिली, खाटेची चादर मी मुद्दाम काढून अंथरली होती. बाकीची कापडं आपापल्या दगडांखाली पडली होती. पश्चिमेला आभाळ पिकलेल्या पपईसारखं झालं होतं.

ताई चादरीभोवती एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला, आणि त्या गडद जांभळ्या खाटेच्या मधोमध सरळ आडव्या झाल्या. मी त्यांना आजवर कधी टेकून बसलेलंही पाहिलं नव्हतं.

वर पाखरं परतत होती. मीही शेजारी फरशीवर बसून राहिले. फरशीची ऊब पाठीच्या कण्यातून वर येत होती आणि मला वाटत होतं की आम्ही दोघी कुठंतरी वाहत चाललोय, गच्चीसकट.

"मी आयुष्यभर फोटो पाहिले गं," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. "हजारो फोटो. त्यांवरून लोकांची नशिबं ठरवायला मदत केली. आणि हे असं असतं." मग उठून बसत, एकदम कामाच्या आवाजात, "तू यावर कुणालातरी झोपव आणि फोटो काढ. माणूस दिसलं की आकार कळतो. मी नको. मी तुझी सल्लागार आहे, मी फोटोत शोभत नाही."

त्या मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या होत्या. ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा रात्रपाळी करून आला. मी त्याला चहाच्या आधीच गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "इथं आडवा हो, जरासा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि वाद न घालता आडवा झाला. मी पाण्याच्या टाकीवर चढून कॅमेरा नीट करेपर्यंत तो झोपला. अगदी गाढ. एक हात खाटेच्या कडेबाहेर, विटलेल्या रंगावर पडलेला. सकाळचं ऊन तिरकं त्याच्या अंगावरून कापडावर येत होतं. मी फोटो काढले आणि मग त्याला उठवायचं सोडून तशीच टाकीवर बसून राहिले. ऊन चढायला लागलं तेव्हा हाक मारली.

तो फोटो आम्ही पहिला लावला.

नवा अर्ज होता तो एका डोंगरातल्या जागेसाठी. हिमालयाकडच्या एका लहानशा गावात कुणा दांपत्यानं जुनं घर कलावंतांसाठी ठेवलं होतं. तिथं राहायचं, काम करायचं, खाण्यापिण्याची सोय त्यांची. मी कधी एवढ्या दूर एकटी गेले नव्हते. 'इथंच का यायचं आहे?' या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं, 'शांततेसाठी.'

"शांतता धुळ्यातही आहे," ताई म्हणाल्या. "दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आणि बोलावणं पावसाळ्यातलं आहे. तिथं पावसाळ्यात काय असतं माहितेय का? धुकं. सकाळी धुकं, दुपारी धुकं. तुझं काम उन्हाचं. तू तिथं जाऊन काय करणार?"

मला राग आला. हा प्रश्न मी स्वतःपासूनही लपवून ठेवला होता म्हणून जास्त आला. मी म्हटलं, "मग राहू दे. नको करायला अर्ज."

"मी नको म्हटलं का? मी विचारलं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पावसाळ्यात तू जळगावात काय करतेस?"

"काही नाही. कापडं घडी करून ठेवते."

"आणि?"

"वाट बघते."

"कशाची?"

आबांचा श्वास ऐकू येत होता. वाळ्यातून थेंब गळत होते. माझ्या डोळ्यांपुढे आमची पावसाळ्यातली गच्ची आली, करडी, ओली, रिकामी. दरवर्षी त्या महिन्यांत मला वाटायचं की मी चित्रकार नाहीच, मी फक्त सूर्याची मोलकरीण आहे, तो नसला की मला काम नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, तुटक तुटक.

ताई ऐकत होत्या. "ढगातून उजेड येतच नाही असं तर नाही ना?" त्या म्हणाल्या.

"येतो. पण त्यानं रंग उडत नाही."

"बघितलंयस?"

बघितलं नव्हतं. कधीच पाहिलं नव्हतं. पहिला पाऊस पडायच्या आत मी कापडं उचलत आले होते.

आणि तोच आमचा अर्ज झाला. मी लिहिलं की माझ्या गावी ऊन इतकं आहे की मला त्याच्याशिवाय काही करता येत नाही. थोडक्या उजेडात काय होतं ते मला पाहायचं आहे. कदाचित काहीच होणार नाही, आणि तसं झालं तर मी ते कोरं कापडच दाखवीन. शेवटचं वाक्य ठेवायला मी घाबरत होते. ताई म्हणाल्या, "तेच तर ठेवायचं आहे."

काही दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. ती ऑनलाइन होती. आमच्या गल्लीत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी धुळ्याला ताईंच्या घरी गेले. त्यांनी लॅपटॉप पलंगापासून दूर, समोरच्या भिंतीशी मांडून दिला. "मी स्वयंपाकघरात बसते," त्या म्हणाल्या. "मी कानावरही घेणार नाही. तुझी मुलाखत आहे." आबा झोपलेले होते.

पडद्यावर तिघं दिसले. त्यांतल्या एका बाईंनी फोटोबद्दल विचारलं, कापडावरच्या माणसानं झोपेची बतावणी केली आहे का.

"नाही," मी म्हटलं. "तो खरंच झोपला होता. रात्रपाळी करून आला होता."

तिघंही हसले, आणि मी खुर्चीत जराशी मागे टेकले. मग दुसऱ्यानं विचारलं की धुक्यात काहीच घडलं नाही तर ते अपयश वाटणार नाही का. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागे पावलं वाजली. आबा उठले होते. ते भिंत धरत धरत माझ्या खुर्चीपाशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पडद्यावरच्या तीन चेहऱ्यांकडे नीट निरखून बघितलं.

"हाई मनी अक्का शे," ते त्यांना म्हणाले. आवाज कडक होता. "तिले तरास देऊ नका."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चेहरा पांढरा पडलेला. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, हे कोण, काय म्हणतायत.

खरं तर सांगायला बरंच होतं. हे माझे कुणी नव्हेत, मी मदत घ्यायला आले, त्यांना विसर पडतो. मी वर आबांकडे पाहिलं. ते पहाऱ्यावर उभे असल्यासारखे उभे होते.

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं. "तो म्हणतोय, बहिणीला त्रास देऊ नका."

कुणी हसलं नाही. त्या बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, आम्ही त्रास देत नाही." मी आबांना अहिराणीत सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण हात काढला नाही. उरलेली सगळी मुलाखत त्यांचा हलका, कोरडा हात माझ्या खांद्यावर होता. अपयशाच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बोलताना भीती वाटली नाही, एवढं आठवतं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात होते. मुलं केळीचं झाड काढत होती. मी मेल वाचला, फोन पर्समध्ये ठेवला, आणि एकाच्या झाडाला हिरवा कमी पडतोय म्हणून त्याला सांगत राहिले. सुट्टीत ताईंना फोन लावला. त्यांनी मेल वाचून दाखवायला लावला. मग म्हणाल्या, "गरम कपडे आहेत का तुझ्याकडे?"

नव्हते. जळगावात कुणाकडे असतात?

डोंगरातलं ते घर ढगांच्या उंचीवर होतं. खिडकी उघडली की ढग आत यायचा, टेबलावरून फिरायचा आणि दुसऱ्या खिडकीनं निघून जायचा. पहिले काही दिवस मला आपण जागे आहोत की नाही हेच नीट कळत नव्हतं. सावली नावाची गोष्टच नव्हती. आयुष्यभर मी वेळ सावलीवरून ओळखत आले होते. इथं सकाळ आणि दुपार यांना एकच रंग होता. झाडं दिसायची, मग नसायची. घराची देखभाल करणारी बाई हातात किटली घेऊन धुक्यातून प्रकट व्हायची, चहा ठेवायची आणि पुन्हा विरून जायची.

मला काचेची एक पडवी मिळाली होती. तिथं मी जांभळं कापड अंथरलं, जळगावहून नेलेलं, तेच अस्तराचं. त्यावर ओढ्यातले चपटे दगड ठेवले आणि नेच्याची मोठी पानं काचेच्या तुकड्यांखाली दाबली. शेजारी राणी रंगाचं दुसरं कापड. मग बसले. आपल्याकडे आठवड्याभरात कापड बोलायला लागतं. इथं ते मुकं होतं. मी रोज बघायचे आणि रोज तेच जांभळं माझ्याकडे बघायचं. सुरुवातीला लाज वाटायची, लोकांचं खाऊन आपण नुसत्या बसलोय म्हणून. पुढे केव्हातरी ते थांबलं. मी बघत बसायला लागले. धुक्यातही उजेड असतो, तो कुठूनच येत नाही आणि सगळीकडून येतो, हे मला तिथं कळलं. एखाद्या दिवशी तो दुधासारखा असे, एखाद्या दिवशी धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा.

एकदा ताईंचा फोन आला. "काय करतेस?"

"काही नाही."

"मग बरोबर चाललंय," त्या म्हणाल्या. पलीकडे खडखड झाली आणि इकडच्या पावसापाण्याची चौकशी करत आबांचा आवाज आला. "अक्का, तथा पानी शे का?"

"शे भाऊ," मी म्हटलं. "आठे बठ्ठा पानीच शे."

"मंग चांगलं शे," ते म्हणाले, आणि फोन बहुतेक उशीवर ठेवून दिला. कितीतरी वेळ मला त्यांच्या कूलरची घरघर ऐकू येत राहिली. मी फोन ठेवला नाही. बाहेर देवदारांमधून ढग खाली उतरत होता आणि कानात धुळ्याची दुपार होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी काचा उचलल्या. देखभाल करणाऱ्या बाई मदतीला आल्या होत्या. आम्ही पानं बाजूला केली, दगड एकेक करून ओढ्याकडच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. राणी रंगाच्या कापडावर काही नव्हतं. अगदी काही नाही, दुकानातून आणलं तसं. जांभळ्यावरही काही दिसेना. मी ते दोन टोकांना धरून त्या बाईंना दुसरी टोकं धरायला सांगितली, आणि आम्ही कापड काचेसमोर तिरकं केलं.

"वो," त्या म्हणाल्या.

मला आधी त्यांचं बोट दिसलं, मग ते. नेच्याचं एक पान. रंगात फरक म्हणावा तर नव्हता. जिथं पान होतं तिथलं जांभळं जरासं जास्त जांभळं होतं, इतकंच. कापड हललं की ते नाहीसं व्हायचं. पुन्हा तिरकं केलं की यायचं. त्या बाईंनी तळहात त्याच्यावर ठेवला, काही ओलं लागतंय का बघतात तसा, आणि हात उलटा करून पाहिला.

मुलाखतीतल्या तिघांना पाठवायच्या अहवालासाठी फोटो काढायचा मी खूप प्रयत्न केला. तो आलाच नाही. शेवटी मी लिहिलं की एका कापडावर काही घडलं नाही, दुसऱ्यावर एक पान आहे, ते पाहायला कापडाजवळ यावं लागेल.

मग मी कापडांची घडी न करता गुंडाळी केली, ती शालीत बांधली, त्या बाईंच्या हातचा शेवटचा चहा उभ्यानंच प्यायले आणि गाडी धरायला पायवाटेनं खाली उतरायला लागले.